ब्रेकवरचा एमेस्सी

गडचांदुरात सगळ्यात जास्त शिकलेला आणि सगळ्यात कमी कमावणारा असा माणूस एकच होता, आणि तो माझ्या घरी जेवत होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. तो माझ्या साळीचा, म्हणजे बायकोच्या बहिणीचा पोरगा. साळी लवकर गेली, तिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलं, तेव्हा माझ्या बायकोनं त्या पोट्ट्याला धानोऱ्याकडच्या आपल्या माहेरातून उचलून इकडं आणलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं तो आमचाच झाला. मी चौथी नापास. सिमेंट कारखान्याच्या पॅकिंगमध्ये पोती भरता भरता आणि ट्रकात रचता रचता जन्म गेला, पण मी पर्मनंट होतो. तो केमिस्ट्रीत एम.एस्सी., वरून बी.एड., वरून कॉम्प्युटरचा कसलासा कोर्स, आणि त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये ठेकेदाराचा माणूस. मी रिटायर झालो तेव्हा मला जे मिळत होतं, त्याच्या निम्मंही त्याला मिळत नव्हतं. सारं गाव त्याला एमेस्सी म्हणे, म्हणून मीही म्हणे. आता तो इथं नाही. आखाती देशात कुठल्यातरी सिमेंटच्या कारखान्यात आहे, त्याची बायको सोबत आहे, आणि तिथंही तो ठेक्यावरच आहे. माझी बायको गेल्यावर माझ्याशी बोलणारा तो एकच उरला होता, आणि तोही आता फोनवर बोलतो. बोलतो म्हणजे समजावून सांगतो. सरळ बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

शिक्षण झाल्यावर तो पुण्याला गेला होता. औषधाच्या कंपनीत लागला. खोलीचं भाडं आणि खानावळ दिली की पगार संपे आणि महिना उरे, म्हणून सहा महिन्यांत परत आला. तिकडून त्यानं दुसरं काही आणलं नाही, फक्त भाषा आणली. आम्ही सगळे मले-तुले करणारे, आणि हा चुलीपुढं पाटावर बसून 'मला असं वाटतं की' करायचा. माझी बायको म्हणे, "तुले काय वाटते ते मंग सांग बाप्पा, आधी भाकर खा, थंडी होऊन राह्यली." आणि त्याला जे वाटे ते नेहमी जगाबद्दलच वाटे. आमच्या गल्लीबद्दल त्याला काहीच वाटत नसे. नळाला पाणी आलं नाही, तेलाचा भाव चढला, एस्टी आली नाही, कशाचंही कारण हा थेट समुद्रापार नेऊन ठेवी. सकाळी रेडिओवर शेअर बाजाराचे भाव ऐके. शेअर तर सोडाच, बँकेतलं खातंही त्याचं अधूनमधूनच जिवंत असे. एक दिवस मोठ्या आनंदानं म्हणाला, "मावसाजी, आज निर्देशांक चढला." मी म्हटलं, "तुहं काय चढलं?" तर म्हणतो, "माझं काही नाही. पण देशाचं चढलं." माणूस खोटा नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता.

माझ्या घराला कधी पाटी नव्हती. पोस्टमन मला ओळखे, आणि ज्याला मी माहीत नाही त्याला माझ्याकडं काय काम? एमेस्सीनं चंद्रपुराहून पाटी रंगवून आणली आणि दारावर ठोकली. त्याच्या नावापेक्षा पुढची अक्षरं लांब. आठ दिवसांत त्या अक्षरांचा गुण आला. कारखान्याच्या कॉलनीमागच्या झोपडीतली एक बाई खोकणारं लेकरू काखेत घेऊन ओट्यावर येऊन बसली. एवढी अक्षरं आहेत म्हणजे डॉक्टरच असला पाहिजे, असा तिचा हिशेब. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, मी डॉक्टर नाही. हा बसला तिच्यासमोर आणि चिमणीतून धूळ कशी निघते, किती बारीक असते, वारा कुठल्या दिवसांत कुठं वाहतो, हे सगळं सांगत राहिला. बाईनं सारं ऐकलं आणि म्हणाली, "ते खरं हाय साहेब, पण गोळी कोणती देता?" मग माझ्या बायकोनं अडुळशाचा काढा करून दिला. लेकरू बरं झालं. त्यानंतर ती बाई दर पावसाळ्यात यायची, आणि काढा घेताना नमस्कार मात्र एमेस्सीला करायची.

लॅबमध्ये तासातासाला नमुना काढायचा, तपासायचा आणि लिहायचा, असं त्याचं काम. ती सवय घरात आली. डाळ शिजत असली की हा उठून चमचाभर काढी, ताक केलं की बोट बुडवी. एकदा लॅबमधून रंग बदलणारा कागद घेऊन आला आणि माझ्या बायकोच्या अंबाडीच्या भाजीत बुडवला. कागद लाल झाला. हा खूष. बायको भाकरी थापत होती, ती थांबली. "माह्या भाजीले कागद दाखवून राह्यला का रे? तुही मावशी मेली का, चव सांगाले?" तो म्हणाला, "मावशी, आम्ल आहे हे सिद्ध झालं." ती म्हणाली, "आंबट हाय हे तर म्या तोडतानाच सांगतलं होतं." मग तो दोन भाकरी जास्त जेवला. रोजच जास्त जेवायचा. त्याचा पांढरा कोट तो स्वतःच धुवायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. धुवून अंगणात वाळत घातला की गल्लीतल्या सगळ्या कपड्यांत तोच एक पांढरा दिसायचा, आणि संध्याकाळी काढेपर्यंत तोही सिमेंटनं राखाडी व्हायचा. लग्नाकार्यात तो टाय लावून जाई. मी एकदा विचारलं, काऊन रे, गळा आवळते का तुले? तर म्हणाला, "मावसाजी, पगार कोणाला दिसत नाही. टाय दिसतो."

आता ब्रेकचं सांगतो, कारण त्याशिवाय हा माणूस समजायचा नाही. ठेकेदार आपल्या माणसाला सलग वर्षभर कामावर ठेवत नाही. तसं ठेवलं तर उद्या तो कायमचा करा म्हणून हक्क सांगायचा. म्हणून दरवर्षी काही दिवस त्याचं नाव काढून टाकतात आणि मग नवा माणूस म्हणून परत घेतात. याला ब्रेक म्हणतात. एमेस्सीचा ब्रेक दरवर्षी मे महिन्यात येई. सहा वर्षं तो त्या लॅबमध्ये होता, आणि सहाही वर्षं नवीनच होता. दुसरी पोरं ब्रेक लागला की शिव्या देत घरी बसत. हा गावात सांगत फिरे, "सध्या मी ब्रेकवर आहे," जसे मोठे साहेब उन्हाळ्यात थंड हवेला जातात. आणि टाय पेटीत ठेवून धानोऱ्याकडं निघून जाई, मावशीच्या माहेरी, तेंदूपत्ता तोडायला.

त्या दिवसांत तिकडचं अख्खं गाव पहाटे जंगलात जाते, पत्ता तोडून आणते, दुपारी घरी बसून त्याचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फडावर मोजून देते. फड म्हणजे पत्ता विकत घेण्याची जागा, तिथं ठेकेदाराचा मुन्शी बसलेला असतो. एमेस्सी पानंही नमुन्यासारखीच तोडी. एकेक पान उजेडात धरी, भोक आहे का पाही, शिरा पाही. बाकीच्यांचे ढीग लागत, याचे मोजके पुडे, पण एकापेक्षा एक देखणे. मुन्शी म्हणे, "एमेस्सीभाऊ, याची बिडी बनणार हाय. फोटो नाई काढाचा." माझी सासू तेव्हा जिवंत होती, डोळ्यांनी अधू. ती हातानं चाचपून तोडे आणि तरी याच्या दुपटीनं पुडे बांधे. म्हणे, "तू कॉलेजात काय शिकला रे बाबू?" याला राग येत नसे. पण एक गोष्ट तो अभिमानानं सांगे. तेंदूपत्ता तोडणाऱ्याला सरकारकडून पुढं बोनस मिळतो. कारखान्यात ठेक्याच्या माणसाला बोनस नाही. तेव्हा जन्मात त्याला पहिला बोनस मिळाला तो झाडाच्या पानांचा. त्या पैशातून त्यानं मावशीला लुगडं घेतलं. ती ते नेसून कारखान्याच्या पुढून मुद्दाम जाऊन आली.

असा हा तिशी ओलांडून गेला, आणि बायकोला एकच घोर लागला. याचं लगन. तिला तेव्हा पोटाचं दुखणं सुरू झालं होतं, आणि आपलं काय आहे हे तिला माझ्याआधी कळलं होतं. ती म्हणे, "माह्या डोळ्यादेखत याच्या अंगाले हळद लागली पाहिजे, मंग मी सुटली." स्थळं येत आणि पर्मनंट नाही म्हटलं की जात. शेवटी मूल गावची एक मुलगी तिला पटली. मुलगी एम.ए., तिथल्याच कॉलेजात तासावर शिकवणारी. जितके तास घेतले तितके पैसे, सुट्टी लागली की काही नाही. बाप रिटायर्ड तलाठी. आम्ही पाहायला गेलो. तलाठ्यानं पोहे पुढं केले आणि पगार विचारला. एमेस्सीनं पगार खरा सांगितला, आणि तो इतका कमी का, हे समजावायला चीनपासून सुरुवात केली. तलाठी म्हणाले, "चीनचं चीनले पाहू द्या. तुम्ही पर्मनंट केव्हा होता?" तेवढ्यात मुलीनं पडद्याआडून नाही, चांगलं समोर येऊन विचारलं, "तुम्हाले सुट्टीचा पगार भेटते का?" हा म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मलेबी नाई." आणि दोघंही हसले. हातातले पोहे सोडून हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला कळलं नाही. बायकोला कळलं. परत येताना एस्टीत म्हणाली, "झालं जी. जमलं यायचं."

या दोघांचं जमलं होतं, पण तलाठ्याचं जमायचं होतं. जन्मभर पंचनामे केलेला माणूस. मुलीचा बाप न सांगता पोराच्या कामाच्या ठिकाणी जाऊन चौकशी करतो, ही आमच्याकडची रीत, त्यात वावगं काही नाही. पण हा गृहस्थ आला मे महिन्यात. कारखान्याच्या गेटवर त्यानं नाव सांगितलं. गेटवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, या नावाचा माणूस इथं नाही. बाजूच्या टपरीवर विचारलं, तिथला म्हणाला, "एमेस्सी ना? तो तं पत्ता तोडाले गेला जंगलात." तलाठी तिथून जे तणतणत निघाले ते थेट माझ्या दारात.

"फसवलं तुम्ही आमाले! तुमचा पोरगा कंपनीत हायेच नाई!"

मी म्हटलं, "हाय. पण सध्या नाई."

"म्हणजे?"

"ब्रेक हाय."

"एम.एस्सी. झालेला माणूस पत्ता तोडते?"

"तोडते. पण लय हळू तोडते."

हे मी खरं तेच सांगितलं, पण त्यांचा राग वाढला. बायको आत खाटेवर होती. तिला उठवत नव्हतं, पण आवाज शाबूत होता. तिथूनच म्हणाली, "तलाठीभाऊ, तुमच्या पोरीचं कॉलेज या महिन्यात चालू हाय का?" ते म्हणाले, नाही. "तिले पैसे भेटून राह्यले का?" ते म्हणाले, नाही. "मंग जोडा तर देवानंच लावला. दोघायलेबी एकाच महिन्यात उपास." तलाठ्यांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, "बाई, माणसं तुम्ही चांगली आहा. पोरगा पर्मनंट होऊ द्या. मी थांबतो वर्षभर." वर्षभर थांबायला माझ्या बायकोजवळ वर्ष नव्हतं.

त्याच पावसाळ्यात कारखाना नव्या मालकाकडं गेला. म्हणत, मालक परदेशातला. रंग नवा, फाटक नवं, आणि बातमी अशी की लॅबमधल्या जुन्या पोरांना कायम करणार. एमेस्सी रोज नवी बातमी घेऊन येई आणि मावशीच्या खाटेवर बसून सांगे. ती डोळे मिटून ऐके आणि विचारे, "कागद भेटला का?" कागद नाही आला, पेटी आली. लाकडाची मोठी पेटी, तिच्यात यंत्र. चार केमिस्ट मिळून जे दिवसभर तपासत, ते ते यंत्र मिनिटात सांगे. हा घरी आला तो नाचतच. "मावसाजी, काय यंत्र आहे! इकडून नमुना घाला, तिकडून उत्तर!"

मी म्हटलं, "मंग तू काय करशीन?"

"मी नमुना घालीन."

लॅबमधले तीन जण घरी गेले. याला ठेवलं, कारण नमुना घालायला कोणीतरी पाहिजेच. पण ठेकेदारही नवा आला होता, त्यामुळं पगार तोच आणि नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्यानं हे मावशीला सांगितलं तेव्हा मी दारात उभा होतो. तो मोठा बाजार, स्पर्धा, उत्पादन असलं काहीबाही बोलत होता आणि तिचे पाय दाबत होता. ती म्हणाली, "राहू दे बाबू. तुह्या जगाले पोरी द्यायच्या नसतात, घराले द्यायच्या असतात. होईन लगन तुहं." पौषात ती गेली. हळद काही तिला पाहायला मिळाली नाही. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही.

शिमग्याच्या आधी तलाठी भेटीला आले, दुःखाच्या घरी येतात तसे. मुलगी सोबत होती. बसल्यावर म्हणाले, "दादा, वेळ बरी नाई, पण तुम्हाले अंधारात ठेवणं बरं नाई. एक स्थळ आलं हाय. वनरक्षक. बारावी शिकला, पण पर्मनंट." मी म्हटलं, बरं. काय म्हणणार? एमेस्सी खांबाला टेकून उभा होता. मुलगी खाली पाहून बसली होती, ती तशीच खाली पाहत बोलली.

"बाबा, मले कॉलेज तासावर ठेवते. आन् मी पर्मनंट नवरा मागू? उद्या त्यानं विचारलं, तू काऊन नाई पर्मनंट, तं काय सांगू?"

"पोरगी आन् पोरगा यायच्यात फरक असते."

"कॉलेजवाल्यायनं तं फरक नाई केला."

तलाठी एमेस्सीकडं वळले. "तुम्ही तरी बोला काही." आणि हा सुरू झाला. सध्याच्या अर्थव्यवस्थेत स्थिर नोकरी ही कल्पनाच आता... मला राहवलं नाही. मी ओरडलो, "जग गेलं खड्ड्यात! तुले पोरगी पाहिजे का नाई, तेवढं सांग!" तो थांबला. त्याच्या तोंडून पुण्याची भाषा कुठं गेली कोण जाणे. "पाहिजे मावसाजी," म्हणाला. "मले पाहिजे." आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मावशी गेली त्या दिवशीही तो रडला नव्हता. सगळी धावपळ त्यानंच केली होती.

तलाठी उठले, अंगणात जाऊन बिडी ओढून आले. म्हणाले, "घरात मयत झाली की वर्षाच्या आत कार्य उरकावं लागते. मे महिन्यात धरू. दोघायलेबी रजा मागाची गरज नाई." मी म्हटलं, वनरक्षक? ते म्हणाले, "त्याले भेटन दुसरी. तो पर्मनंट हाय."

मे महिन्याची तारीख धरली, पत्रिका छापल्या. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा एमेस्सीला मे महिन्यात ब्रेक मिळाला नाही. नव्या ठेकेदाराचं वर्ष पावसाळ्यात सुरू झालं होतं, त्याच्या हिशेबात वर्ष भरायला आणि ब्रेक यायला अजून वेळ होता. हा आपला नियमावर विसंबून राहिला, आणि नवरदेवाला रजेचा अर्ज घेऊन पळावं लागलं. ठेकेदार म्हणाला, "लग्नाचा एक दिवस घे. यंत्र बंद नाई ठेवता येत." लग्न मूलला झालं. एमेस्सीनं टाय लावला होता आणि वरून मुंडावळ्या. हळद लागली तेव्हा त्यानं तिचा वास घेतला आणि ती बोटांत चोळूनही पाहिली. तलाठी माझ्या कानात म्हणाले, "हे असं नेहमीच करते का?" मी म्हटलं, नेहमीच.

माझ्या बायकोच्या माहेरचं कोणीच लग्नाला नव्हतं. पत्त्याचे दिवस, फड सोडून कोण येणार? त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-नवरीला घेऊन मी गडचांदूरला आलो तेव्हा घरात बाईमाणूस नव्हतं. दोघं उंबऱ्याबाहेर उभी. भाकरीचा तुकडा ओवाळायचा, पाणी ओवाळायचं, मग आत घ्यायचं. शेजारची बाई पदर खोचून पुढं आली. "सरका दादा, मी ओवाळते. तुमच्यानं नाई होत. आन् रंडव्या माणसानं ओवाळू नये." तिचं चुकलं नाही, बायको गेलेल्यानं ओवाळायचं नाही, आमच्याकडं असंच आहे. मी सरकलो. तर एमेस्सी म्हणाला, "काकू, मावसाजीच ओवाळतील. नाही तर आम्ही इथंच उभे राहतो. मला पहिल्या पाळीला जायचं होतं, ती तर गेलीच आहे."

मी आत गेलो. भाकरी आदल्या दिवशीची होती, ती मोडली. तांब्यात पाणी घेतलं. दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, तो नीट फिरला नाही, थोडं पाणी सुनेच्या खांद्यावर सांडलं. ती हलली नाही. आता तुकडा टाकायचा. तो उजवीकडं टाकतात की डावीकडं, हे मला माहीत नव्हतं. आमच्या दारात आलेल्या माणसांवरून माझ्या बायकोनं किती वेळा ओवाळून टाकला असेल, आणि मी बाजूला उभा असून कधी पाहिलं नाही. विचारायला तोंड उघडलं, मग कोणाला विचारतो आहे ते ध्यानात आलं. तुकड्याचे दोन तुकडे केले आणि दोन्हीकडं टाकले.